कराचा कागद वेगळा, मालकीचा कागद वेगळा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही दोनच ओळी लिहिल्या होत्या, की घरपट्टीची पावती जपून ठेवा पण तिला मालकीचा कागद समजू नका. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. गंमत म्हणजे निम्मी पत्रं गोव्यातल्या घरांबद्दल आणि निम्मी अमेरिकेतल्या घरांबद्दल, कारण आता मुलं तिकडे घर घेतात आणि आईवडील सहा महिने राहायला जातात, तिथला टपाल पण तेच उघडतात. नावं छापत नाही, गाव तेवढं लिहितो.

प्रश्न : माझ्या मुलाने गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये टेक्सासमध्ये डॅलसजवळ घर घेतलं. आम्ही दोघं सध्या त्याच्याकडे आहोत. एप्रिलमध्ये पोस्टाने एक नोटीस आली, त्यात घराची किंमत त्याने दिली त्यापेक्षा बरीच जास्त लिहिलीय. मुलगा म्हणतो हे बिल नाही, बघू नंतर. यजमानांनी सहज नेटवर पत्ता घातला तर मुलाचं नाव, घर किती स्क्वेअर फूट, खोल्या किती, किंमत किती, सगळं उघडं दिसलं, शेजाऱ्यांचं पण दिसलं. मला तर भीतीच वाटली. आणि त्यात तीन बाथरूम लिहिल्यात, घरात आहेत दोन आणि एक नुसतं टॉयलेट. हे असं सगळ्यांना दिसणं बरोबर आहे का, आणि त्या नोटिशीचं करायचं काय? — फोंडा (सध्या मुक्काम टेक्सास)

उत्तर : ताई, पहिली गोष्ट मुलाला सांगा की "बघू नंतर" नको. ते बिल नाही हे त्याचं बरोबर आहे, पण म्हणूनच ते महत्त्वाचं आहे. बिल येतं ऑक्टोबरच्या सुमारास, आणि तेव्हा किंमतीवर भांडायची वेळ निघून गेलेली असते. टेक्सासात हरकत घ्यायची मुदत साधारण १५ मे, किंवा नोटीस पोस्टात टाकल्यापासून ३० दिवस, यातली जी तारीख नंतरची असेल ती. नोटिशीवरच छापलेली असते, ती आधी शोधा आणि फ्रीजवर लावून ठेवा.

आता हा रेकॉर्ड असतो कसा ते सांगतो, कारण एकदा रचना कळली की अर्धी भीती जाते. आपल्याकडे पंचायत किंवा पालिका घर मोजते, घरपट्टी ठरवते आणि वसूल पण तीच करते. तिकडे ही कामं वेगवेगळ्या हातांत असतात. घराची किंमत ठरवणारं ऑफिस एक. बहुतेक राज्यांत त्याला असेसर म्हणतात, फ्लोरिडात प्रॉपर्टी अप्रेझर, आणि टेक्सासात काउंटीच्या पातळीवर अप्रेझल डिस्ट्रिक्ट नावाची वेगळीच संस्था ते करते. किंमतीवर कर किती लावायचा हा दर ठरवणारे दुसरे, म्हणजे शाळांचं डिस्ट्रिक्ट, शहर, काउंटी, कॉलेज, हॉस्पिटलचं डिस्ट्रिक्ट असे पाच-सहा जण, आणि प्रत्येकाचा दर वेगळा. बिल काढून पैसे घेणारं ऑफिस तिसरं. आणि खरेदीखताची नोंद ठेवणारं काउंटी क्लार्कचं ऑफिस चौथं. म्हणून किंमत चुकली असेल तर पैसे घेणाऱ्या खिडकीवर जाऊन काही होत नाही, आणि दर जास्त वाटत असेल तर किंमत ठरवणाऱ्यांकडे जाऊन काही होत नाही. लोक चुकीच्या दारात जातात, आठवडे जातात आणि तेवढ्यात मुदत संपते.

रेकॉर्ड उघडा असण्याबद्दल. तुमची भीती समजते, पण विचार करा, आपल्याकडे गोव्यात सर्वे नंबर घातला की एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) कोणालाही ऑनलाइन दिसतोच ना, कब्जेदाराचं नाव, कूळ असेल तर कूळ, इतर हक्क, सगळं. तिकडचा असेसमेंट रोल, म्हणजे घरांच्या किंमतींची यादी, पण तसाच सार्वजनिक असतो. फोन नंबर, बँकेचा तपशील वगैरे त्यात नसतो. आणि तो उघडा आहे यातच तुमच्या मुलाचा फायदा आहे, कारण त्याच गल्लीतल्या, त्याच साली बांधलेल्या, तेवढ्याच मापाच्या घराला किती किंमत लावली हे त्याला घरबसल्या बघता येतं. टेक्सासात हरकतीची दोन मुख्य कारणं चालतात, एक म्हणजे लावलेली किंमत बाजारभावापेक्षा जास्त आहे, आणि दुसरं म्हणजे आजूबाजूच्या सारख्या घरांच्या मानाने आमच्यावर जास्त लावलीय. हे दुसरं कारण शेजाऱ्यांचे आकडे दिसल्याशिवाय मांडणार कसं? तेव्हा यजमानांनी पत्ते घातले ते चांगलंच केलं, त्यांना सांगा पाच-सहा घरांचे आकडे वहीत उतरवून ठेवा, घराचा स्क्वेअर फूट, बांधल्याचं साल, किंमत, एवढंच.

आता ते बाथरूम. ही गोष्ट बारीक वाटते पण पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. किंमत ठरवणारा माणूस प्रत्येक घरात दरवर्षी येत नाही, येऊ शकतच नाही. बहुतेक वेळा कॉम्प्युटरमधल्या माहितीवरून हजारो घरांच्या किंमती एकदम काढल्या जातात, क्षेत्रफळ, साल, दर्जा, बाथरूम, गॅरेज, स्विमिंग पूल असं सगळं धरून. म्हणजे घराच्या रेकॉर्डची ही माहिती असलेलं कार्ड चुकलं की किंमत चुकली, आणि ती चूक पुढच्या वर्षी पण तशीच येते, त्याच्या पुढच्या वर्षी पण. मुलाला ते कार्ड छापून घेऊन घरभर फिरायला सांगा, टेप घेऊन. क्षेत्रफळ बरोबर आहे का, जुन्या मालकाने काढून टाकलेली शेड अजून लिहिलेली आहे का, छप्पर किंवा पाया खराब असेल तर त्याचे फोटो आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक. हे सगळं हरकतीला जोडता येतं.

त्याहून मोठा पुरावा त्याच्याकडे आहे. टेक्सासात घर कितीला विकलं हे सरकारला कळवण्याची सक्ती नाही, त्यामुळे अप्रेझल डिस्ट्रिक्टला तुमच्या मुलाने नक्की किती दिले ते माहीत असेलच असं नाही. किंमत धरली जाते १ जानेवारीची, घर घेतलं ऑगस्टमध्ये, म्हणजे फक्त चार-पाच महिन्यांचं अंतर. खरेदीच्या दिवशी सह्या केलेला हिशेबाचा कागद, त्याला क्लोजिंग स्टेटमेंट म्हणतात, तो काढा. नोटिशीतली किंमत त्यापेक्षा बरीच वर असेल तर हा एक कागद दहा शब्दांपेक्षा जड. आधी ऑफिसातल्या माणसाशी साधं बोलणं होतं, बऱ्याच केसी तिथेच मिटतात, नाही मिटलं तर रिव्ह्यू बोर्डापुढे सुनावणी. वकील लागत नाही.

आणि सगळ्यात शेवटी विचारायला हवं ते तुम्ही विचारलंच नाही, म्हणून मी विचारतो. होमस्टेडचा अर्ज केलाय का? स्वतः राहत्या घराला मिळणारी ही सूट आपोआप लागते असं समजून बसू नका, घर घेतल्यावर ती बघावीच लागते. शाळांच्या करापुरती ही सूट २०२३ साली १ लाख डॉलर केली, नंतर १ लाख ४० हजारावर नेली. समजा घराची किंमत ४ लाख धरली, तर शाळेचा कर २ लाख ६० हजारावरच लागणार. टेक्सासात दर शंभर डॉलरमागे सांगतात, तो समजा १ डॉलर असेल तर ४,००० च्या जागी २,६०० डॉलर. दरवर्षी. अर्जाची मुदत साधारण ३० एप्रिल, पण हुकली तरी दोन वर्षांपर्यंत उशिरा अर्ज घेतात, म्हणून निराश होऊ नका. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता मात्र त्याच घराचा पाहिजे, नवीन घर घेतलेली मुलं नेमकं हेच बदलायचं विसरतात. अर्ज फुकट आहे. "आम्ही भरून देतो, अमुक डॉलर पाठवा" अशी सरकारी दिसणारी पत्रं घरी येतील, ती सरळ बाजूला ठेवा.

आणखी एक, यात बरेच नवे घरमालक पोळतात. होमस्टेड असलेल्या घराची कराची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. म्हणून घर घेताना एजंट जो जुना कर दाखवतो तो जुन्या मालकाच्या दाबून ठेवलेल्या किंमतीवरचा असतो, कधी त्यात म्हातारपणाची जास्तीची सूट पण असते. मालक बदलला की ते संरक्षण पुढच्या वर्षी जातं आणि किंमत एकदम बाजारभावाला येते. तुमच्या मुलाला स्वतःचं १० टक्क्यांचं संरक्षण मिळेल, पण होमस्टेड लागलेल्या पहिल्या वर्षाच्या नंतरच्या वर्षापासून. म्हणजे या वर्षीची किंमत हा पाया आहे, पुढची सगळी वाढ याच्यावर चढणार. म्हणून म्हणतो, या वर्षी भांडाच.

त्याचा कर बहुधा गृहकर्जाच्या हप्त्यातच जात असेल, बँक दर महिन्याला थोडे जमा करून वर्षाच्या शेवटी भरते. त्यामुळे मुलांना वाटतं कर बँकेचा प्रश्न. बँक फक्त आलेलं बिल भरते ताई, ते बरोबर आहे का हे बघणं तिचं काम नाही.

प्रश्न : आमचं वडिलोपार्जित घर सत्तरी तालुक्यात. आजोबांच्या नावावर घरपट्टी होती, त्यांच्यानंतर मोठ्या काकांनी ती पंचायतीत स्वतःच्या नावावर करून घेतली, पंचवीसेक वर्षं तेच भरतात. आता काका वारले आणि चुलतभाऊ म्हणतो घर आमचं, पावत्या बघा. माझे वडील आणि दोन आत्या हयात आहेत. जमिनीच्या एक-चौदावर अजून आजोबांचंच नाव आहे. खरं घर कोणाचं? — वाळपई

उत्तर : पावत्यांवरून घर कोणाचं होत नाही. एवढं वाक्य मी मोठ्या अक्षरात छापायला सांगणार होतो. घरपट्टी हा कर आहे, पंचायत घराला नंबर देते, रजिस्टरात एक नाव लिहिते आणि त्या नावावर बिल काढते, कारण तिला वसुलीला कोणीतरी पाहिजे. मालकी कोणाची हे ठरवायचा अधिकार पंचायतीला नाही, तो दिवाणी कोर्टाचा. महसूल किंवा कराच्या नोंदीने मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने पण पुन्हा पुन्हा सांगितलंय.

आपल्या गोव्यात तर हा फरक पोर्तुगीज काळापासून आहे, म्हातारी माणसं अजून "मात्रीज" म्हणतात ना, ते काय होतं? तो कराचाच रजिस्टर. कोणत्या मालमत्तेवर कर कोणी भरायचा ते त्यात लिहिलेलं. आणि मालकीची नोंद वेगळ्या ऑफिसात, तिथे मालमत्तेचं वर्णन म्हणजे डिस्क्रिप्सांव आणि ती कोणाच्या नावे आहे ते इन्स्क्रिप्सांव. जुन्या ट्रंकेत मात्रीजचा कागद सापडला की लोक आनंदाने नाचतात, पण जड कागद आहे तो इन्स्क्रिप्सांवचा. मात्रीज मदतीला येते, घर ओळखायला, सीमा जुळवायला, पण एकटी उभी राहत नाही. वरच्या ताईंच्या टेक्सासात पण हेच, असेसमेंटच्या रेकॉर्डवर नाव आहे म्हणून मालक नाही, मालकी क्लार्ककडे नोंदलेल्या डीडवरून, म्हणजे खरेदीखतावरून. दोन टोकांच्या दोन देशांत एकच गोष्ट.

मग एक-चौदा? १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली सर्वे झाला, त्यातून हे उतारे आले. त्यातली नोंद कलम १०५ प्रमाणे खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. म्हणजे घरपट्टीपेक्षा वजनदार, तरी शेवटचा शब्द नव्हे. तुमच्या बाबतीत तिथे आजोबांचंच नाव आहे हे उलट बरं झालं, कोणी मध्ये बदललेलं नाही. उतारा काढाल तेव्हा फक्त कब्जेदाराचा रकाना बघून थांबू नका. वर जिराईत, बागायत, केर, मोरड, खाजन अशा जमिनीच्या प्रकारांप्रमाणे क्षेत्र लिहिलेलं असतं, मध्ये कुळाचा रकाना, आणि खाली "इतर हक्क". घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची असली की घराचं नाव बहुतेक त्या खालच्या रकान्यात सापडतं. मी लोकांना बघितलंय, वरचं नाव बघून खुश होऊन घरी जातात आणि खाली काकांचं नाव "घर" म्हणून लिहिलेलं वाचतच नाहीत.

आता वारसा. आजोबा-आजींचं लग्न गोव्यातलं आणि वेगळा करार नसेल तर सगळ्या मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. त्यांच्यामागे सगळी मुलं सारखी, मुलगा-मुलगी फरक नाही. म्हणजे काका, तुमचे वडील आणि दोन्ही आत्या, सगळ्यांचा हक्क, काकांच्या जागी आता त्यांची बायको आणि मुलं. आत्यांनी "आम्हाला नको" असं तोंडी म्हटलं असेल तर ते कागदावर येईपर्यंत काही नाही, आणि त्यांच्याकडून घाईने सही घेऊ पण नका, त्यांना सगळं समजावून सांगा मग त्यांची मर्जी. पुढचं पाऊल म्हणजे स्पेशल नोटरीपुढे, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात, वारसांचा दस्त. तिथे जमलं नाही किंवा वाटणीवर वाद झाला तर कोर्टात इन्व्हेंटरी. २०१२ चा गोव्याचा वारसा कायदा आहे त्याखाली हे चालतं. इन्व्हेंटरीत मालमत्तेची यादी होते, वाटे ठरतात, आणि एखादी वस्तू तुकडे न करता कोणाला द्यायची यावर एकमत नसेल तर वारसांमध्येच बोली लागते. तो निकाल किंवा दस्त हातात आला की मग एक-चौदावर म्युटेशन, म्हणजे नाव बदलणं, आणि सगळ्यात शेवटी घरपट्टी. लोक उलट्या टोकापासून सुरू करतात, पंचायत जवळ असते, सेक्रेटरी ओळखीचा असतो म्हणून.

हे मी नुसतं वाचून लिहीत नाही. आमच्या घराची घरपट्टी माझे वडील वारल्यावर पंचायतीने माझ्या एकट्याच्या नावावर केली, मी अर्ज केला तेव्हा मला वाटलं काम झालं, कोणी विचारलं पण नाही बाकी भावंडं कुठे आहेत. अकरा वर्षांनी धाकट्या बहिणीने नेटवर बघितलं आणि तिला वाटलं मी घर गिळलं. दोन चवथी (गणेशचतुर्थी) आमच्या घरात ती आली नाही. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना तिची जागा रिकामी दिसायची, तो त्रास मला आजपर्यंत आहे. नंतर सगळ्यांच्या नावे दस्त केला तेव्हा मिटलं. म्हणून तुमच्या चुलतभावाशी बोलताना पण जरा सांभाळून, कदाचित त्याला खरोखरच वाटत असेल की पावती म्हणजे मालकी, त्याच्या वडिलांनी त्याला तेच सांगितलेलं असेल. काकांनी पंचवीस वर्षं कर भरला, कौलं बदलली असतील, तो खर्च हिशेबात धरायची गोष्ट आधी तुम्हीच काढा, बोलणं सोपं जातं.

प्रश्न : बहिणीने कॅलिफोर्नियात सॅन होजेला घर घेतलं. कर्जाच्या हप्त्यातून कर जातो असं बँकेने सांगितलं होतं तरी आता काउंटीकडून एक वेगळं बिल आलं. फसवणूक आहे का? — मडगाव

उत्तर : बहुतेक नाही. त्याला सप्लिमेंटल बिल म्हणतात. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे घराची कराची किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते आणि मूळ दर १ टक्का, अधिक मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जांचे थोडे. पण घर विकलं गेलं की किंमत नव्याने, खरेदीच्या भावाला. जुन्या मालकाच्या कमी किंमतीवर काढलेलं बिल आणि नव्या किंमतीवरचं, यातला राहिलेल्या महिन्यांचा फरक म्हणजे ते बिल. ते बऱ्याचदा थेट मालकाला येतं आणि बँक ते भरत नाही, म्हणून बँकेला आजच फोन करून विचारा कोण भरतंय. कधीकधी अशी दोन बिलं येतात, घाबरू नका. काउंटीच्या साईटवर पार्सल नंबर (जागेचा नंबर) घालून बघा, तिथे दिसलं तर खरं. नेहमीच्या बिलाचे दोन हप्ते, १० डिसेंबर आणि १० एप्रिलनंतर १० टक्के दंड बसतो, सप्लिमेंटलच्या तारखा मात्र त्याच्यावरच वेगळ्या लिहिलेल्या असतात, त्या बघा. राहत्या घराची तिकडची सूट लहान आहे, किंमतीतून ७,००० डॉलर वजा, म्हणजे वर्षाला सुमारे ७० डॉलर वाचतात. पण एकदा अर्ज केला की दरवर्षी मिळते, तर कशाला सोडायची.

प्रश्न : म्हापशात आमच्या घराची घरपट्टी पालिकेने वाढवून पाठवली, वर एक खोली जास्त धरलीय, ती पत्र्याची शेड आहे फक्त, कपडे वाळत घालायला. भरून टाकावी की भांडावं? — म्हापसा

उत्तर : नोटीस वाचा, हरकतीची मुदत दिलेली असते, त्या मुदतीत लेखी द्या, आवक नंबर टाकून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. पालिकेची आकारणी यादी बघायला मागता येते, तुमच्या घरापुढे काय लिहिलंय, क्षेत्र किती, बांधकाम कसलं, वापर राहण्याचा की व्यापारी, ते स्वतः बघून या. फोटो जोडा आणि जागा येऊन मोजा अशी मागणी करा. वाद चालू असताना जुन्या दराने तरी भरत राहा म्हणजे थकबाकीदार म्हणून नाव लागणार नाही, पावतीवर "हरकत राखून" असं लिहून द्या.

एक सांगून ठेवतो, ती शेड परवानगीशिवाय असेल तर घरपट्टी लागली म्हणून ती कायदेशीर होत नाही. कर भरला की बांधकाम नियमित झालं हा समज इतका पसरलाय की लोक बेकायदा खोलीला घरपट्टी लागली की पेढे वाटतात. पालिका हद्दीत तुमचा जमिनीचा उतारा एक-चौदा नसून फॉर्म डी असेल, त्याच्यावर चलता नंबर (शहराच्या सर्वेतला जागेचा नंबर) आणि पी.टी. शीट नंबर (नकाशाच्या पानाचा नंबर) असतो, तो पण काढून घराच्या नकाशाशी जुळवून बघा, एकदा बसाल तर सगळंच होऊन जाईल.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात राहतो, पेडणे तालुक्यात. घरपट्टी आजोबांपासून आम्हीच भरतो. गेल्या अंकातल्या तुमच्या दोन ओळी वाचून वाटेल पावत्या टाकून द्याव्या. मग आमच्याकडे दुसरं काय आहे? — पेडणे

उत्तर : बाबा, टाकू नका, एक पण टाकू नका. पावतीने मालकी मिळत नाही हे खरं, पण "या घरात आम्ही इतक्या वर्षांपासून राहतो" हे सांगायला तिच्याइतका साधा पुरावा दुसरा नाही, आणि मुंडकाराच्या, म्हणजे तुमच्यासारखं भाटकाराच्या जमिनीवर घरात राहणाऱ्याच्या बाबतीत सगळा खेळ नेमका त्यावरच असतो. १९७५ च्या मुंडकार कायद्यात विचारतात ते हेच, की ठरलेल्या तारखेच्या आधीपासून भाटकाराच्या संमतीने इथे राहत होता का. आजोबांच्या नावाची फिकट झालेली पावती तिथे सोन्याच्या मोलाची. भाडं देऊन राहणारा माणूस मुंडकार होत नाही, म्हणून भाटकाराला कधी काही पैसे दिले असतील तर ते कशाचे होते ते पण आठवून लिहून ठेवा.

मामलेदाराच्या ऑफिसात मुंडकारांचं रजिस्टर असतं, तुमचं नाव त्यात आहे का ते आधी बघा. नसेल तर नोंदणीसाठी अर्ज, त्याला पावत्या, जुनं रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, विजेची बिलं, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, शेजारच्या दोन वयस्क माणसांचं म्हणणं. नोंद झाली की घर विकत घ्यायचा हक्क वापरता येतो, पंचायत हद्दीत घरासकट ३०० चौरस मीटरपर्यंत आणि पालिका हद्दीत २०० पर्यंत. ते झालं, खरेदीचा दाखला हातात आला, मग एक-चौदावर तुमचं नाव चढवायचं. तोपर्यंत आजोबांच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, फोटो काढून मुलाच्या फोनवर पण ठेवा, पावसात आपल्याकडे कागद वाळवीच्या आधी दमटाने जातात.